चाके टेकताना : आदळलेल्या विमानांचा न लिहिलेला इतिहास

१/
१७ डिसेंबर १९०३. अमेरिकेतील किटी हॉकजवळची वाळू. राइट बंधूंचे त्या दिवसाचे चौथे आणि सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंद टिकले आणि त्याने ८५२ फूट अंतर कापले. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात. परंतु ते उड्डाण संपले कसे, हे आपण सहसा विचारत नाही. ते संपले आदळण्याने. विमान एकाएकी खाली झेपावले, जमिनीवर आपटले आणि पुढच्या सुकाणूची चौकट मोडली. यांत्रिक उड्डाणाच्या इतिहासाचा पहिलाच दिवस आज आपण ज्याला ‘हार्ड लँडिंग’ म्हणतो त्याने मावळला.

२/
त्याच्या तीन दिवस आधी, १४ डिसेंबरला, नाणेफेक जिंकून विल्बरने पहिला प्रयत्न केला होता. विमान जेमतेम साडेतीन सेकंद हवेत राहिले, नाक फार वर गेल्याने गती हरवली आणि ते खाली आदळले. दुरुस्तीत दोन दिवस गेले. म्हणजे १७ तारखेच्या त्या कीर्तिमान सकाळच्या अलीकडे एक आदळणे आहे आणि पलीकडेही एक आहे. पाठ्यपुस्तकात मात्र उड्डाणच उरले.

३/
मित्रहो, आजचा धागा या उरलेल्या भागाविषयी आहे : छोट्या विमानांचे जमिनीवर आदळणे, त्यातून वाचलेली माणसे, आणि त्यांनी जे घडले ते लिहून ठेवले की नाही याविषयी. मी मनमाडची. आमच्या गावाला विमानतळ नाही. आमची ओळख जंक्शनची. आगगाडीच्या गावातली मुलगी विमानांवर का लिहिते आहे, असा प्रश्न पडला असेल, तर धाग्याच्या मध्यावर त्याचे उत्तर येईल. विमान अपघातांच्या चौकशीचा आणि रेल्वेचा एक विलक्षण संबंध आपल्या देशात आहे. तो फारसा कोणाला ठाऊक नसतो.

४/
आधी आदळणे म्हणजे काय ते पाहू. दोन आसनी प्रशिक्षण विमान साधारण ६० नॉट वेगाने, तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येते, तेव्हा ते सेकंदाला सुमारे दीड मीटर खाली येत असते. जमीन अगदी जवळ आली की वैमानिक नाक अलगद वर घेतो. वेग ओसरतो, खाली येणे मंदावते आणि मागची दोन चाके आधी टेकतात. या हालचालीला ‘फ्लेअर’ म्हणतात. ती उशिरा झाली तर विमान आपटते. फार लवकर झाली तर विमान जमिनीपासून दोन-तीन मीटरवर वेग गमावून बसते आणि धपकन खाली येते.

५/
हा धक्का सोसण्यासाठीच चाकांचे पाय बांधलेले असतात. छोट्या विमानांसाठी अमेरिकेने दीर्घकाळ वापरलेल्या नियमांत सेकंदाला ७ ते १० फूट, म्हणजे सुमारे २ ते ३ मीटर, वेगाने खाली येण्याचा धक्का पेलण्याची अट होती. यातली खोच अशी की धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. वैमानिकाच्या आसनावर बसून दीड मीटर आणि तीन मीटर यांतला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. धातूला तो नेमका जाणवतो.

६/
तरीही पहिला धक्का बहुधा घात करत नाही. घात करतो तो दुसरा किंवा तिसरा. आपटलेले विमान चेंडूसारखे उसळते. नवशिका वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो. आता विमानाला पुरेसा वेगही नसतो आणि उंचीही नसते. नुसती एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीला सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने भिडते. पंखांचा आधार थोडा उरलेला असतो म्हणून विमान त्याहून हळू पडते, परंतु या वेळी ते पुढच्या एकट्या चाकावर पडते. ते चाक मुळात धक्का पेलण्यासाठी नसतेच. ते दिशा देण्यासाठी असते. मग ते वाकते, प्रोपेलर जमिनीला लागतो आणि इंजिन उघडून तपासावे लागते.

७/
यावरचा उपाय प्रत्येक प्रशिक्षकाच्या तोंडी असतो : उसळी मोठी असेल तर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण शक्ती द्या, पुन्हा वर जा, फेरा मारून नव्याने या. ‘गो अराउंड’. शब्द साधे आहेत. परंतु जमिनीच्या इतके जवळ आलेल्या माणसाला जमीन सोडून पुन्हा वर जावे असे वाटणे स्वभावाच्या विरुद्ध आहे. शतकभराच्या अपघातांनी शिकवलेली ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी पुन्हा शिकावी लागते.

८/
पहिल्या पिढीच्या विमानांत हे शिकणे अधिक कठीण होते. १९२०-३० च्या दशकांतील मॉथ जातीच्या विमानांना दोन चाके पुढे आणि शेपटीखाली टेकू असे. विमानाचा गुरुत्वमध्य त्या चाकांच्या मागे पडत असल्याने, चाके जोरात टेकली की शेपूट खाली दबे, नाक वर जाई आणि विमान पुन्हा हवेत उसळे. वाऱ्याचा झोत बाजूने आला की तेच विमान जमिनीवर गर्रकन फिरे. तीन चाकांची, पुढे एक चाक असलेली रचना नंतर रूढ झाली ती मुख्यतः जमिनीवर सरळ राहते म्हणून. म्हणजे आज दिसणारी विमानाची आकृतीही उतरतानाच्या अपघातांनी घडवलेली आहे.

९/
आता आपल्याकडे येऊ. मुंबईत जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. जुहू म्हणजे समुद्राला लागून असलेले सपाट, चिखलट मैदान. त्या काळी इथे उडणारी विमाने खासगी, हलकी, लाकूड-कापडाची होती. धावपट्टीवर दिवे नव्हते, विमानात रेडिओ नव्हता. वारा कुठून वाहतो ते कापडी नळीकडे पाहून कळायचे. जमीन ओली की सुकी हे चाक टेकल्यावर कळायचे.

१०/
१९३० च्या सुमारास आगा खान यांनी इंग्लंड आणि भारत यांमधले अंतर एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. तिघे उतरले : इंग्लंडहून निघालेले मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनिअर, आणि भारतातून निघालेले जे. आर. डी. मनमोहन सिंगांच्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’. त्यांचे आधीचे प्रयत्न वाटेत फसले, तेव्हा एका ब्रिटिश संपादकाने या नावावर कोटी केली : विमानाचे नाव ‘मिस इंडिया’, आणि स्वारी खरोखरच इंडिया ‘मिस’ करणार! कोटी जिव्हारी लागणारी होती. सिंग शेवटी कराचीला पोहोचले, पण मुदत उलटून गेली होती.

११/
याच शर्यतीत इजिप्तमधील अबुकीर येथे जे. आर. डीं.ना अ‍ॅस्पी अडकून पडलेले भेटले. स्पार्क प्लग हवे होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे दिले आणि काही तासांनी तीच शर्यत हरले. ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळच्या वैमानिकाला ठाऊक होते की वाटेत केव्हातरी, अनोळखी मातीवर, बिघडलेल्या इंजिनाने उतरावे लागणार आहे, आणि तिथे आपल्याला वाचवेल ते दुसऱ्याजवळचे काहीतरी : एखादा सुटा भाग, किंवा त्या जागेविषयीची एखादी माहिती. अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१२/
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. ही वर्षे आपल्याला माहीत असतात. परंतु पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांच्या टपाल विमानांना मुक्काम पुण्याला हलवावा लागे, हा तपशील क्वचित सांगितला जातो. उड्डाणाची तारीख माणूस ठरवत असे. कुठे उतरायचे ते जमीन ठरवत असे.

१३/
कायदाही हळूहळू जमिनीकडे वळला. भारतात विमानांविषयीचा पहिला कायदा १९११ चा. १९३४ च्या विमान अधिनियमाने अपघातांच्या चौकशीसाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि १९३७ च्या नियमांत त्यासाठी स्वतंत्र भाग आला. अपघात झाला तर कळवायचे कोणाला, मोडलेल्या विमानाला हात कोणी लावायचा, चौकशी कोणी करायची, हे त्यात आले. तो अधिनियम नव्वद वर्षे चालला. २०२५ च्या १ जानेवारीपासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे.

१४/
परंतु नियम असणे आणि नोंद होणे या दोन गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण नेहमी भेटते. जिथे माणसे मरतात तिथे कागद तयार होतो : पंचनामा, वर्तमानपत्रातली बातमी, विधिमंडळातला प्रश्न. जिथे माणूस धूळ झटकून चालत बाहेर आला, तिथे बहुतेक वेळा हशा होतो, थोडी बोलणी बसतात आणि विषय संपतो. त्यामुळे अपघातांचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो तो बव्हंशी मृत्यूंचा इतिहास असतो. वाचलेल्यांजवळ सांगण्यासारखे अधिक असते, कारण नेमके काय घडले ते फक्त त्यांनाच आठवते.

१५/
अशा वाचलेल्यांच्या नोंदी कोणी एकत्र वाचल्या तर काय होते याचे एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकेच मिटवत. प्रत्येक वेळी शेरा एकच : वैमानिकाची चूक. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही खटके शेजारी-शेजारी आहेत आणि हाताला सारखेच लागतात. ज्या विमानांत ते वेगळे होते तिथे असे होत नव्हते. त्याने एका खटक्याच्या टोकाला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा बसवला. चूक थांबली. आजही चाके मिटवणाऱ्या छोट्या विमानांत त्या खटक्याची मूठ चाकाच्या आकाराची असते.

१६/
हे वाचले तेव्हा मला आजोबांची केबिन आठवली. आजोबा मनमाडला केबिनमन होते. जुन्या सिग्नल केबिनमध्ये खटक्यांची लांब रांग असे आणि प्रत्येकाला कामाप्रमाणे रंग : थांब्याच्या सिग्नलला लाल, सांध्याला काळा, सांध्याच्या कुलपाला निळा. शिवाय खटके एकमेकांत असे गुंतवलेले की सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल पडूच नये. माणूस थकणार, चुकणार, हे धरूनच ती रचना केलेली होती. टेबलावर मोठी नोंदवही असे. आजोबा म्हणायचे, “काय झालं अन् किती वाजता झालं तेवढं लिहायचं. का झालं ते दुसऱ्यानं बघायचं. आपणच आपली चौकशी करायची नसती.”

१७/
आजोबांच्या या शेवटच्या वाक्यामागे एक इतिहास आहे, आणि धाग्याच्या आरंभी सांगितलेला विमान आणि रेल्वे यांचा संबंध तो हाच. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला. शंभराहून अधिक माणसे गेली. त्या गाडीला होते तशा पॅसिफिक जातीच्या इंजिनांची तपासणी करायला समिती नेमली गेली. ब्रिटिश रेल्वेचे मुख्य तपासणी अधिकारी लेफ्टनंट कर्नल माउंट तिचे अध्यक्ष होते. रेल्वेच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली काम करतात, ही विसंगती त्या समितीने १९३९ मध्ये दाखवून दिली.

१८/
मग या निरीक्षकांना रेल्वेपासून वेगळे करायचे ठरले. पण ठेवायचे कुठे? मे १९४१ मध्ये त्यांना टपाल व हवाई खात्याच्या अखत्यारीत दिले गेले. आजही रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाकडे नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. मनमाडच्या यार्डात एखादा मोठा अपघात घडला, तर त्याची वैधानिक चौकशी करणारा आयुक्त विमान खात्याचा असतो. रेल्वेतल्या घरात वाढूनही मला हे एम.ए.च्या वर्गात बसेपर्यंत ठाऊक नव्हते.

१९/
आणि विमानांचे काय? ज्या खात्याला रेल्वेसाठी तटस्थ मानले गेले, त्या खात्यात विमान अपघातांची चौकशी मात्र दीर्घकाळ नियमनाचे काम करणाऱ्या महासंचालनालयाच्याच हाती राहिली. मोठ्या अपघातांसाठी वेगळी न्यायालयीन चौकशी किंवा समिती नेमली जाई, इतकेच. परवाना देणारा, तपासणी करणारा आणि अपघातानंतर कारण शोधणारा एकच. स्वतंत्र विमान अपघात अन्वेषण ब्युरो स्थापन झाला तो जुलै २०१२ मध्ये. रेल्वेला १९४१ साली जे सुचले ते विमानांना लागू व्हायला एकाहत्तर वर्षे लागली. मधल्या काळात किती आदळणी ‘किरकोळ’ म्हणून मिटली असतील, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

२०/
जगाने तत्त्व तर आधीच मान्य केले होते. १९४४ च्या शिकागो कराराखाली आलेले तेरावे परिशिष्ट एप्रिल १९५१ मध्ये प्रथम स्वीकारले गेले. आज त्याचा गाभा असा : अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. भारताच्या २०१७ च्या चौकशी नियमांतही तेच आहे. वाचायला हे साधे वाटते. परंतु आपल्या घरात, शाळेत, कार्यालयात चौकशी हा शब्द ऐकताच ‘कोणी केले?’ हाच प्रश्न उभा राहतो. ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचे?’ हा दुसरा प्रश्न विचारायला वेगळी सवय लागते.

२१/
ती सवय किती महाग पडून लागते, याचे एक उदाहरण. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरण्याआधी डोंगरावर आदळले. त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून, काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत ते पोहोचवणारी वाटच नव्हती. पुढे १९७६ मध्ये वैमानिकांनी निर्भयपणे कळवण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि ती मुद्दाम नियामकाऐवजी नासाकडे दिली गेली. इथेही तेच : सांगणाऱ्याला ज्याची भीती वाटते, त्याच्या हाती सांगण्याची वही नसावी.

२२/
आपल्या महाराष्ट्रातली अलीकडची वर्षे पाहा. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडी येथे एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. एकटी प्रशिक्षणार्थी वैमानिक होती, ती वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात १९ आणि २२ तारखेला, अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने, एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने जमिनीवर आदळली. त्यानंतर महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. या तिन्ही घटनांत कोणीही दगावले नाही. म्हणूनच त्या दोन दिवसांच्या बातम्या ठरल्या.

२३/
त्याच्या महिनाभर आधी, १४ सप्टेंबर २०२३ रोजी, विशाखापट्टणमहून आलेले खासगी लिअरजेट ४५ मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होते. मुसळधार पाऊस, दृश्यमानता सुमारे ७०० मीटर. अगदी शेवटच्या टप्प्यात विमान मध्यरेषेपासून उजवीकडे सरकले, आदळले आणि मोडले. सहा प्रवासी आणि दोन वैमानिक, आठही जण वाचले. अन्वेषण ब्युरोचा प्राथमिक अहवाल काही आठवड्यांत सर्वांसाठी खुला झाला. तो वाचताना मला वाटले, शंभर वर्षांनी या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याचे काम किती सोपे असेल. जुहूच्या मैदानावर १९३० साली आदळलेल्या मॉथबद्दल असा एखादा कागद मिळाला, तर आज मी किती आनंदेन.

२४/
आता हा विषय माझ्यासाठी निव्वळ अभ्यासाचा का राहिला नाही, ते सांगते. माझी मामेबहीण वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेते आहे. मामांचे मनमाडला दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. घर तारण ठेवून त्यांनी तिच्या शिक्षणाचे कर्ज काढले. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. गेल्या वर्षी एका दुपारी ती एकटी उडत असताना, बाजूच्या वाऱ्यात, तिचे विमान आपटले. उसळले. पुन्हा आपटले, या वेळी पुढच्या चाकावर. ती थांबली, विमान जागेवर आणून उभे केले. बाहेरून पाहता काही मोडलेले दिसत नव्हते.

२५/
रात्री तिचा फोन आला. “ताई, कुणी काही म्हटलं नाही गं. विमान उद्या सकाळी दुसऱ्याच्या नावावर आहे. मी लिहिलंच पाहिजे का?” तिच्या प्रश्नात खोटेपणा नव्हता, हिशेब होता. लिहिले तर तिचे उड्डाण थांबणार, चौकशी होणार, दिवस जाणार, कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नाही. मी तिला काय करावे ते सांगितले नाही. आजोबांची नोंदवही आठवून दिली आणि एकच विचारले, सकाळी कोण उडणार आहे? ती बराच वेळ बोलली नाही. तिच्याच खोलीत राहणारी मुलगी त्या विमानाने उडणार होती.

२६/
तिने त्याच रात्री प्रशिक्षकांना कळवले आणि सकाळी लिहून दिले. तपासणीत पुढच्या चाकाचा पाय जिथे जोडलेला असतो, त्या इंजिनामागच्या पत्र्याला सुरकुती पडलेली आढळली. विमान काही आठवडे उभे राहिले. तिचे तास लांबले. तिच्या तुकडीतल्या इतरांचेही लांबले, आणि त्यांतल्या काहींनी तिच्याशी बोलणे सोडले. मामी म्हणाल्या, “पुरे झालं आता, ये घरी.” मामा आधी गप्प होते. मग म्हणाले, “गाडी पडली की हँडल सरळ करून देता येतं. पण फोर्क वाकलाय हे दिसूनही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तर तो पुढं जिथं पडेल तिथं आपण पाडल्यासारखंच.” हप्ता अजून चालू आहे. ती पुन्हा उडते आहे, आणि घरात या विषयावर अजूनही सगळ्यांचे एकमत नाही.

२७/
मला यातून शौर्याची गोष्ट सांगायची नाही. तिने लिहिले त्याची किंमत तिने आणि तिच्या घराने मोजली. न लिहिणाऱ्याला ती मोजावी लागली नसती. नोंदींच्या इतिहासातली खरी अडचण इथे आहे. नोंद करणाऱ्याचे नुकसान आज होते आणि लाभ उद्या, बहुधा अनोळखी माणसाला होतो. म्हणूनच १९४१ मध्ये रेल्वेचे निरीक्षक वेगळे काढले गेले, १९७६ मध्ये कळवण्याची वही नासाकडे गेली, २०१२ मध्ये आपला ब्युरो निराळा झाला. या तीनही निर्णयांचा आशय एकच आहे : खरे लिहिणाऱ्याची किंमत शक्य तितकी कमी करणे. जिथे ती कमी होत नाही, तिथे कागद कोरा राहतो आणि पत्र्यावरची सुरकुती पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

२८/
इतिहास वाचणाऱ्या तुम्हा तरुण मित्रांकडे म्हणून एक मागणे आहे. जुनी वर्तमानपत्रे, संस्थानांची दप्तरे, गावच्या रेल्वेच्या नोंदवह्या चाळताना, ज्यात कोणी मेले नाही असे अपघात शोधा. ते छोट्या अक्षरांत, पानाच्या तळाशी असतात. ते कोणी लिहिले, कोणाच्या भीतीत लिहिले, आणि लिहिल्यावर काय बदलले, हे विचारा. तुमच्या घरात गॅरेज, कारखाना, केबिन, दवाखाना यांत आयुष्य घालवलेले कोणी असेल, तर त्यांना त्यांच्या थोडक्यात टळलेल्या प्रसंगांविषयी विचारा. मोठ्या दुर्घटना सरकार लिहून ठेवते. थोडक्यात टळलेल्या गोष्टी माणसांबरोबर जातात.

२९/
आणि शेवटी पुन्हा किटी हॉक. १७ डिसेंबर १९०३ च्या चौथ्या उड्डाणाचा शेवट आपल्याला ठाऊक आहे, कारण ऑरव्हिल राइटने आपल्या रोजनिशीत उड्डाणाच्या सेकंदांबरोबर मोडलेल्या सुकाणूचीही नोंद केली. मुख्य सांगाडा शाबूत आहे आणि दुरुस्तीला एक-दोन दिवस पुरतील, हेही लिहिले. जग जिंकल्याच्या दिवशी काय मोडले ते त्याने वगळले नाही. बंधूंचे पुढचे विमान १९०४ मध्ये तयार झाले. तेही अनेकदा आदळले, आणि तेही त्यांनी लिहून ठेवले.

(धागा समाप्त)